थंडीत साप नेमके जातात कुठे? जंगलात ते दिसतात कसे आणि घोणस याच दिवसांत जास्त का दिसते?

दिवाळी संपते, पहाटे अंगावर रग ओढावा लागतो आणि सांगली-मिरज भागात 'आता थंडी पडली, साप बिळात गेले' हे वाक्य कानावर पडायला लागतं. पावसाळ्यात रात्री बाहेर पडताना आठवणीने घेतलेली बॅटरी घरातच राहते. गवतातून चालताना खाली बघायची सवयही सुटते.

याच दिवसांत विश्रामबागच्या कॉलेजांमधली मुलं सुट्टीच्या दिवशी दंडोबाच्या डोंगरावर जातात, कुणी सागरेश्वरला जातं, कुणी थेट चांदोली गाठतं. याच दिवसांत जिल्हाभर उसाच्या फडात कोयते चालू होतात. म्हणजे साप गेले असं समजून माणसं नेमकी सापांच्या घरात शिरतात.

साप मात्र कुठेही गेलेले नसतात. त्यांची वेळ आणि बसायची जागा तेवढी बदललेली असते. ही वेळ आणि जागा कळली, तर थंडीत साप बघणं पावसाळ्यापेक्षा सोपं जातं आणि त्यांच्यापासून सांभाळून राहणंही.

साप थंडीत झोपतात का?

साप 'थंड रक्ताचे' असतात असं शाळेत शिकवलं जातं. या शब्दामुळे थोडा गोंधळ होतो. सापाचं रक्त कायम थंड नसतं. आपलं शरीर अन्न जाळून स्वतःची उष्णता तयार करतं आणि बाहेर काहीही असलं तरी ३७ अंशांच्या आसपास राहतं. सापाला हे जमत नाही. त्याला उष्णता बाहेरून घ्यावी लागते, म्हणजे उन्हातून, तापलेल्या दगडातून किंवा मातीतून.

शरीर गार पडलं की सापाच्या हालचाली मंदावतात आणि पचनही जवळजवळ थांबतं. पोटात उंदीर असलेला साप फार गार पडला, तर ते भक्ष्य पोटातच सडू शकतं. त्यामुळे खाल्लेल्या सापाला ऊन लागतंच.

ज्या देशांत महिनोन्महिने बर्फ असतो, तिथले साप खरोखर जमिनीखाली जाऊन हिवाळा काढतात. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाचं ठिकाण आहे. तिथे चुनखडीच्या भेगांमध्ये हजारो गार्टर साप एकत्र हिवाळा काढतात आणि वसंतात एकदम बाहेर येतात. ते बघायला जगभरातून लोक जातात.

सांगली-साताऱ्यात अशी वेळ येत नाही. इथे थंडीच्या रात्री पारा १०-१५ अंशांपर्यंत उतरतो, पण दुपारी तोच २८-३० अंशांवर जातो. त्यामुळे सापाला सहा महिने बिळात बसायची गरज पडत नाही. गार रात्र तो बिळात, वारुळात किंवा दगडांच्या सांदीत काढतो आणि ऊन वर आलं की बाहेर येतो. दोन-चार दिवस ढगाळ आणि गारठ्याचे गेले, तर तो दिसणार नाही. पुन्हा ऊन पडलं की हजर.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रात्री फिरणारे काही साप थंडीत त्यामुळे दिवसा दिसू लागतात. घोणस हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण.

जंगलात साप कुठे दिसतात?

साप बघायला जाणारे अनुभवी लोक जंगलात भराभर चालत नाहीत. ऊन कुठे पडलंय आणि त्याला लागून लपायला जागा कुठे आहे, या दोन गोष्टी ते आधी बघतात. दोन्ही एकत्र मिळतात तिथे साप असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

डोंगराची दक्षिण बाजू: हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर जास्त वेळ आणि जास्त थेट ऊन पडतं. पूर्वेकडचा उतार सकाळी लवकर तापतो. उत्तरेची बाजू दुपारपर्यंत गार आणि ओलसर राहते.

झाडीची कड: साप दाट सावलीत ऊन खायला बसत नाही आणि मोकळ्या मैदानात मध्यभागीही बसत नाही, कारण वर घार, गरुड, मोर आणि बाजूला मुंगूस असतं. झाडी संपते आणि उघडी जागा सुरू होते, ती कड त्याला सोयीची असते. पायवाटांच्या कडा, वणवा रोखण्यासाठी वनविभागाने काढलेले जाळपट्टे, जुन्या बांधांच्या कडा या सगळ्या अशाच जागा.

पालापाचोळा: पानगळीच्या जंगलात थंडी सरत आली की पानांचा थर साचतो. अर्धं अंग पाचोळ्यात आणि अर्धं उन्हात, अशी घोणस बसली तर दोन पावलांवरूनही दिसत नाही.

दगडी ताली आणि वारुळं: रचलेल्या दगडांच्या आत रात्रीही तापमान फारसं उतरत नाही. वारुळाचंही तसंच. वारूळ साप बांधत नाही. ते वाळवीचं घर असतं. आतली हवा दिवसरात्र जवळपास सारखी राहते म्हणून साप त्यात आसरा घेतो.

पाण्याचा काठ: ओढे, तळी आणि विहिरींच्या कपारी. दिवडासारखे पाणसाप काठावरच्या दगडांवर ऊन घेताना दिसतात.

वेळेचं गणितही साधं आहे. भल्या पहाटे जाऊन उपयोग नाही. सूर्य वर येऊन जमीन जरा तापली की, म्हणजे साडेनऊ-दहापासून बारापर्यंतचा वेळ चांगला. भर दुपारी तापलेला साप पुन्हा सावलीत सरकतो. तीन ते पाच या वेळात पुन्हा संधी असते. सूर्य मावळल्यानंतर तास-दोन तास डांबरी रस्ता तापलेला राहतो. त्या उबेसाठी साप रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर संध्याकाळी गाडी सावकाश चालवायची, त्यामागचं हेही एक कारण.

साप दिसला नाही, तर खुणा कोणत्या?

बहुतेक वेळा साप दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात. झुडपात किंवा दगडाच्या फटीत अडकलेली कात ही सगळ्यात सोपी खूण. कात ओलसर आणि मऊ असेल तर ती ताजी आहे. धुळीच्या वाटेवर उमटलेली वळणावळणाची रेघ ही दुसरी खूण.

तिसरी खूण कानांनी कळते. साळुंक्या, सातभाई, बुलबुल आणि खारी एकाच झुडपाकडे तोंड करून कलकलाट करत असतील, तर तिथे साप, मांजर किंवा घुबड असण्याची बरीच शक्यता असते. अशा वेळी झुडपात शिरू नका. आहात तिथेच थांबून बघा.

सांगली-साताऱ्यात कोणते साप दिसू शकतात?

या दोन जिल्ह्यांची गंमत अशी की पश्चिमेला सह्याद्रीचं दाट, पावसाचं जंगल आहे आणि पूर्वेला जत, आटपाडी, माणसारखा कोरडा प्रदेश. मध्ये कृष्णाकाठचा उसाचा पट्टा. त्यामुळे सापांचे प्रकारही बदलत जातात.

चांदोली हे राष्ट्रीय उद्यान २००४ मध्ये जाहीर झालं. चांदोली आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या पट्ट्यात झाडावर राहणारा हिरवा हरणटोळ, चापडा, जमिनीत राहणारे खापरखवले असे साप आहेत. सागरेश्वर अभयारण्य मात्र जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं. उघड्याबोडक्या टेकड्यांवर माणसांनी झाडं लावून ते उभं केलं आणि १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. अशा कोरड्या झाडोऱ्यात आणि आसपासच्या शेतांत धामण, तस्कर, नाग, घोणस, मांडूळ हे साप असतात. फुरसं खडकाळ, कोरड्या माळावर.

माणसासाठी सगळ्यात धोकादायक चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. देशातले सापाच्या विषाचे बहुतेक मृत्यू या चौघांच्या खात्यावर जातात. भारतात सापांच्या ३०० हून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य बिनविषारी किंवा माणसाला फारसा धोका नसलेल्या आहेत.

थंडी आणि घोणस यांचं नातं काय?

हिवाळा हा घोणशीच्या मीलनाचा काळ. नर मादीच्या शोधात फिरतात आणि ऊन खाण्यासाठी दिवसा उघड्यावर येतात. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते. पिल्लं साधारण उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात, एका वेळी वीस-तीस किंवा त्याहून जास्तही. पोटात पिल्लं वाढवणाऱ्या मादीला उबेची गरज जास्त असते. म्हणून तीही उन्हात बसलेली दिसते.

दोन साप एकमेकांना वेटोळे घालून उभे राहिलेले दिसले की लोक त्याला 'सापांचा जुगार', 'लग्न' म्हणतात, कुणी त्यावर कापड टाकायला धावतं. अनेकदा ती दोन नरांची झुंज असते. जो दुसऱ्याचं डोकं खाली दाबतो तो जिंकतो. नाग आणि धामण यांची जोडी असते, हाही गैरसमजच. दोन्ही वेगळ्या जाती आहेत. धामणीत नरही असतात आणि माद्याही. शिवाय नाग धामणीला खातोसुद्धा.

घोणशीच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तिला अजगराचं पिल्लू समजणं. दोन्ही जाड, दोन्ही तपकिरी, दोन्ही अंगावर ठिपकेवाले. थंडीत सुस्त पडलेली घोणस अजगरासारखीच शांत वाटते आणि कुणीतरी तिला हात लावतं.

फरक असा ओळखायचा: घोणशीच्या अंगावर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, साखळीच्या कड्यांसारख्या. डोकं त्रिकोणी, मान बारीक, शेपूट आखूड. चिडली की कुकरची शिट्टी सुरू व्हावी तसा मोठा, लांब फुत्कार टाकते. अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, नकाशासारखे असतात. आणखी एक साप गोंधळात टाकतो, तो म्हणजे बिनविषारी डुरक्या घोणस. ओळख पटली नाही, तर तो साप घोणस आहे असं धरून लांब राहा. या चुकीत नुकसान होत नाही, उलट्या चुकीत जीव जातो.

याचा ऊसतोडीशी काय संबंध?

पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोड साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात चालते. म्हणजे घोणशीच्या हंगामाचे आणि ऊसतोडीचे महिने जवळपास एकच.

उभा ऊस हे सापासाठी जंगलच असतं. आत सावली, ओल आणि भरपूर उंदीर. खाली पाचटाचा थर. तोड सुरू झाली की हे जंगल दिवसागणिक लहान होत जातं आणि साप शेवटच्या सरींमध्ये गोळा होतात. शेवटचा पट्टा तोडताना फडात जास्त साप दिसतात, ते यामुळे.

मजूर वाकून, बुडख्याला हात घालून ऊस तोडतो. हात आणि पाय दोन्ही पाचटाच्या पातळीवर. पहाटेच्या गारठ्यात तोड सुरू होते, तेव्हा साप गार पडलेला असतो आणि पळू शकत नाही. पळता न आलेला साप जागेवरूनच चावतो. मराठवाड्यातून आलेली कुटुंबं फडाजवळ कोप्यांमध्ये राहतात, जमिनीवर झोपतात. लहान मुलंही तिथेच असतात.

या ठिकाणी काही साध्या गोष्टी फरक पाडतात. पायात गमबूट, हातात जाड मोजे, तोडायच्या आधी लांब काठीने पाचट हलवणं, मोळी उचलण्याआधी ती एकदा काठीने उलटवणं, कोपीत शक्य असेल तर खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणं. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. मच्छरदाणी तिच्यापासूनही वाचवते. गमबूट आणि मोज्यांचा खर्च मजुरानेच करायचा की मुकादम, शेतकरी आणि कारखान्यानेही, हा प्रश्न मात्र दर हंगामात तसाच राहतो.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोकांचा मृत्यू झाला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. पावसाळा सगळ्यात धोक्याचा, यात शंका नाही. पण उरलेले निम्मे मृत्यू इतर आठ महिन्यांतले आहेत.

दगड उलथवून बघायला काय हरकत आहे?

रील्समध्ये हे दृश्य नेहमी दिसतं. कुणीतरी दगड उचलतो, खालून साप निघतो, शेपटीला धरून तो कॅमेऱ्यासमोर धरला जातो. थंडीत साप सुस्त असल्यामुळे हे सोपं वाटतं.

यात तीन अडचणी आहेत. पहिली स्वतःच्या जिवाची. दगडाखाली बोटं घातल्यावर तिथे कोण बसलंय, हे चावल्यावरच कळतं.

दुसरी सापाच्या जिवाची. गारठ्यात बाहेर काढलेल्या सापाला ना पळता येतं, ना लगेच दुसरा आसरा शोधता येतो. घारीला किंवा मुंगसाला तो आयता मिळतो. शिवाय जो दगड वर्षानुवर्षं एका जागी बसलाय, त्याच्याखाली उबेचा आणि ओलाव्याचा एक मेळ जमलेला असतो. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या खडकाळ भागात संशोधकांना असं दिसलं, की माणसांनी किंचित सरकवलेल्या दगडांखाली सरपटणारे प्राणी फारसे राहत नाहीत. दगड नीट मूळ जागी बसवल्यावर ते परत येतात. दगड नुसता परत ठेवून भागत नाही. तो होता तसाच बसावा लागतो, आणि घाईत ते कुणी करत नाही.

तिसरी कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार 'शिकार' या शब्दात वन्यप्राण्याला पकडणं आणि त्याला पकडायचा प्रयत्न करणंही येतं. साप पकडून खेळवणं, बाळगणं, त्याच्यासोबत व्हिडिओ करणं यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. सांगली जिल्ह्याला हे नवं नाही. जिवंत नागाच्या पूजेसाठी ओळखल्या जाणाऱ्या शिराळ्याच्या नागपंचमीवरही याच कायद्यामुळे आणि उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे निर्बंध आले. शेकडो वर्षांची परंपरा सांगणाऱ्या गावाला जो नियम लागू होतो, तो रील करणाऱ्यालाही लागू होतो.

मग साप बघायचा कसा?

- अभयारण्यात आणि राखीव जंगलात वनविभागाच्या परवानगीनेच जा. वाट सोडू नका.
- एकटे जाऊ नका. सापांची माहिती असलेला माणूस सोबत असेल तर उत्तम.
- घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट आणि जाड पँट. चप्पल नको.
- पाऊल टाकण्याआधी जागा बघा. ओंडका आडवा आला तर थेट ओलांडू नका, आधी पलीकडे काय आहे ते बघा.
- बसण्याआधी, खडक धरून चढण्याआधी, हात जिथे ठेवायचा ती जागा बघा.
- साप दिसला तर किमान आठ-दहा फूट लांब थांबा. फोटोसाठी मोबाइल पुढे नेण्यापेक्षा झूम वापरा.
- साप उन्हात बसला असेल तर तो तसाच बसलेला असताना मागे फिरा. ते ऊन त्याचं त्या दिवसाचं काम आहे.
- फोटो टाकताना नेमकं ठिकाण जाहीर करू नका. मांडुळासारख्या सापांची अंधश्रद्धेपोटी तस्करी होते आणि लोकेशन बघून लोक तिथे पोहोचतात.

घरात किंवा कॉलेजच्या आवारात साप निघाला, तर मारू नका आणि स्वतः पकडूही नका. लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. साप पकडल्यावर त्याला लांबच्या जंगलात नेऊन सोडा, असा आग्रहही धरू नका. अनोळखी जागेत, तेही थंडीत, त्याला आसरा आणि भक्ष्य दोन्ही शोधणं अवघड जातं.

आणि चावलाच तर?

थंडीत चावलेल्या सापाचं विष कमी असतं, असं समजून घरी थांबू नका. साप सुस्त असला तरी त्याचं विष सुस्त नसतं.

जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ काढून टाका, कारण सूज चढते. हात किंवा पाय फळी, काठी असं काहीतरी लावून हलणार नाही असा ठेवा. पेशंटला चालायला लावू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने थेट रुग्णालय गाठा. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. मांत्रिकाकडे घालवलेला तासच बहुतेक वेळा जीव घेतो.

साप पकडून किंवा मारून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी मिळून एकच असते. घोणशीचं विष रक्ताच्या गुठळी होण्याच्या प्रक्रियेवर आणि किडनीवर परिणाम करतं. म्हणून डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटांत ते गोठतं का, हे बघतात. साधी चाचणी, पण उपचार त्यावर ठरतात. सुरुवातीला काहीच लक्षण नसलं तरी डॉक्टर थांबायला सांगतील तेवढा वेळ थांबा.

शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातल्या सदस्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपयांची मदत मिळू शकते. त्यासाठी रुग्णालयातली नोंद आणि शवविच्छेदनाचा अहवाल महत्त्वाचा ठरतो. घरीच अंत्यविधी उरकला, तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही.

पुढच्या वेळी डिसेंबरात दंडोबावर गेलात आणि दक्षिणेच्या उतारावर उन्हात वाळलेल्या पानांचा ढीग दिसला, तर त्यात पाय घालण्याआधी जरा थांबून बघा. बहुतेक वेळा तिथे पानंच असतील.